साहेबांच्या बायकोचे फोटो

३ जानेवारी १९८३, सोमवार

कार्डं छापून आली! शंभर. ‘कुसुम वसमतकर — व्यापारी छायाचित्रण, लातूर.’ छापखानेवाल्याने नावाआधी ‘सौ.’ घातलंच होतं. मी प्रूफावर दोनदा खोडलं. तो म्हणतो, “राहू द्या की वैनी, शोभतंय.” म्हटलं, फोटो सौ. काढत नाही, मी काढते.

लग्नं पुरे झाली. नांदेडला वडिलांच्या, अण्णांच्या, स्टुडिओत नवऱ्यामुलींच्या हनुवट्या वर करण्यात बारा वर्षं गेली. आता लातूर नवा जिल्हा झाला, यांची इथे बदली झाली, आणि मी अण्णांचा याशिका कॅमेरा ट्रंकेत घालून आले. बघते तर बाजारातल्या गोलाईभोवती डाळ मिल, तेल मिल, पंपांची दुकानं — आणि एकाकडेही स्वतःच्या मालाचा धड फोटो नाही! हैदराबादच्या व्यापाऱ्याला पुडीत चिमूटभर डाळ बांधून पाठवतात. अरे, माल कसा तयार होतो, किती होतो, ते दाखवा ना!

यांना सांगून टाकलं — सहा महिने. तेवढ्यात स्वतःच्या हिमतीवर चार गिऱ्हाइकं मिळवली नाहीत तर कॅमेरा परत ट्रंकेत. कायमचा. हे म्हणाले, “कायमचा कशाला?” आमच्या रेणुकादासरावांना पैज म्हणून लावता येत नाही.

६ जानेवारी

नमुन्याचा अल्बम तयार. सोळा प्रिंट धुवायला पाच बादल्या गेल्या. नळ चार दिवसांनी येतो, आंघोळी निम्म्या बादलीत, त्यात हा उद्योग. शेजारच्या पारूबाई दारातूनच ओरडल्या, “अवो वैनी, प्यायला पानी न्हाई अन् तुम्ही फोटू धुऊन राहिल्या?” म्हटलं, तुमचाही काढते एक. तासाभरात जरीचं लुगडं नेसून हजर!

११ जानेवारी, मंगळवार

आज सात दुकानं. सात चहा आणि सात नकार.

पंपवाले शेषेराव: “कुनाचं लगीन हाय?” म्हटलं, लग्न नाही, तुमच्या पंपाचा फोटो. “पंपाचं लगीन?” आणि आपल्याच विनोदावर इतके हसले की टेबलावरच्या पावत्या उडाल्या. तेल मिलवाले लिंबाजी अप्पा निदान अल्बम बघतात. सावकाश, पान न पान. मग म्हणतात, “लई छान. पुढच्या साली बघू.”

मी सगळीकडे पहिली गोष्ट म्हणते — आधी गोडाऊन दाखवा. अण्णांची शिस्त. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. पण गोडाऊन म्हटलं की यांचे चेहरे उतरतात! का कोण जाणे. एकाने चावी हरवली म्हणून सांगितलं. दुसऱ्याने गोडाऊनात साप निघाला म्हणून सांगितलं.

मग हमखास प्रश्न — “साहेब काय करतात?” मी ताठ मानेने सांगते, नव्या कलेक्टर कचेरीत, पुरवठा शाखेत. (कारकून आहेत हे सांगत नाही. विचारलंय कुणी?) की लगेच दुसरा चहा येतो, आणि रिक्षापर्यंत पोचवायला माणूस. नकार देतात, पण लातूरचे लोक मोठे अदबीचे.

१२ जानेवारी

टाचेला फोड. उद्या परत जाणार.

२९ जानेवारी, शनिवार

यांच्या कचेरीने काल एका डाळ मिलवर धाड घातली. मर्यादेच्या दुप्पट साठा निघाला म्हणे. बाहेर तुरीची डाळ डोळ्याला दिसेना आणि हे लोक छपरापर्यंत पोती रचून बसलेत! पंचनामा लिहून लिहून यांची बोटं आखडली. मी खोबरेल चोळून दिलं.

१ फेब्रुवारी, मंगळवार

लागला! नंबर लागला!

डाळ मिलवाले वीरण्णा शेट — ज्यांच्या गोडाऊनात साप निघाला होता ते — आज स्वतः घरी आले. चप्पल काढून, हात जोडून. “वैनी, आमच्या मिलचे फोटू तुम्हीच काढायचे. किती बी काढा.” कुठले काढू, कशासाठी हवेत, किती मोठे हवेत — काही नाही. “तुमाला बरं वाटंल ते.” असं गिऱ्हाईक अण्णांना अख्ख्या जन्मात मिळालं नाही!

३ फेब्रुवारी

शेषेरावही आले! पंपाच्या लग्नाला मुहूर्त मिळाला!

४ फेब्रुवारी

लिंबाजी अप्पा. त्यांचं ‘पुढचं साल’ तीन आठवड्यांत उजाडलं. तीन झाले. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. वरण करपलं.

९ फेब्रुवारी, बुधवार

वीरण्णांच्या मिलमध्ये सकाळपासून. मशीन, चाळण्या, पोती शिवणारे हमाल, सगळं काढलं. पण खरी मजा अंगणात. तिथे बायका ओळीने बसून डाळ पाखडतात. त्यातली एक नागूबाई, चाकूरकडची. यंदा रानात काही पिकलं नाही म्हणून बहिणीकडे राहून इथे कामाला येते. साठीची असेल, पण काय चेहरा! म्हटलं, मावशी, तुमचा काढू? “काढा की. पर हात थांबायचा न्हाई माजा. मुकादम बघून राहिलाय.”

चारला ऊन तिरपं झालं. तिने सूप उडवलं, मागून उजेड आला, धूळ सोन्यासारखी चमकली. बारा फ्रेमचा अख्खा रोल मी तिच्यावर संपवला. बारा वर्षांत असा हात चालला नव्हता माझा.

१६ फेब्रुवारी, बुधवार

प्रिंट दिले. वीरण्णांनी पाकीट हातात घेतलं, वरचे दोन बघितले — “झकास! एक नंबर! समदे ठिवतो.” बाकीचे न बघताच कपाटात. एवढा विश्वास!

येताना चौथंही गिऱ्हाईक मिळालं — औशाचे खतवाले. त्यांनी तर अल्बमसुद्धा उघडला नाही. माझं नाव आता औशापर्यंत गेलंय! मी सहा महिने म्हटलं होतं, सहा आठवड्यांत काम फत्ते. अण्णांना चार पानी पत्र टाकलं. बढाया मारल्यात. खऱ्या आहेत, तर का मारू नयेत?

५ मार्च, शनिवार

दुपारी रिक्षातून डाळीचं पोतं आलं. अख्खं पोतं! वीरण्णांचा हमाल उतरवून घेत म्हणाला, “शेटनी दिलंय. साहेबास्नी सांगा म्हनाले, ध्यान असू द्या.”

कसलं ध्यान? फोटोचे पैसे तर केव्हाच चुकते झाले.

६ मार्च, रविवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

पोतं रिक्षात घालून मिलवर गेले. शेट गावात नव्हते. अंगणात नागूबाई होती. तिला विचारलं, मावशी, मला ही डाळ कशाला पाठवली असेल? तिने सूप खाली ठेवलं. बाईने पहिल्यांदाच हात थांबवला.

“वैनी, तुमाला खरंच ठाव न्हाई?”

नाही म्हटलं.

“अवो, तुमचा फोटू कोन बघून राहिलंय? साहेबाची खुर्ची बघून राहिलेत समदे. तुम्ही गोडाऊन दावा म्हनत फिरल्या, ह्यास्नी वाटलं साहेबानीच पाठवलंय टेहळनीला. मंग धाड पडली. मंग म्हनले, वैनीकडून चार फोटू काढून घ्या, आपलं गोडाऊन सलामत.”

मी तिथेच पोत्यावर बसले. साप! चावी! दुसरा चहा! मूर्ख, मूर्ख, मूर्ख कुसुम. सगळ्या मोंढा बाजाराला ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. अण्णांना चार पानं लिहिली मी!

मग उठले. पोतं शेटच्या गादीसमोर उतरवून घेतलं. मुनीमजी धावत आले, “वैनी, इथं नगा, लोक बघत्यात.” म्हटलं, बघू दे. तुमच्या शेटना सांगा, वसमतकरांच्या घरी डाळ विकत आणतात. हे मी इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या पानवाल्याने रेडिओ बारीक केला. तेवढं एक बरं वाटलं.

७ मार्च, सोमवार

यांना सगळं सांगितलं. पांढरे पडले. पाच महिने हा माणूस कचेरीत कुणाचा चहासुद्धा घेत नव्हता, आणि मी दारोदार त्यांची खुर्ची विकत फिरत होते. मी माफी मागितली. रडले. मग म्हणाले, उद्याच चौघांचे पैसे परत करते आणि कॅमेरा ट्रंकेत घालते.

यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “फोटो तू काढलेस ना?”

हो.

“मग पैसे कष्टाचे आहेत. कॅमेरा बाहेर राहू दे. मी दुसरीकडे बसतो.”

म्हणजे? म्हणजे पुरवठा शाखा सोडून दुसऱ्या शाखेत टाका असा अर्ज! अहो, त्या खुर्चीसाठी लोक देव पाण्यात घालून बसतात! हे म्हणाले, “म्हणून तर लगेच सुटेल.” या माणसाला पैज लावता येत नाही असं मी लिहिलंय मागे. शब्द परत घेते.

१८ मार्च, शुक्रवार

ऑर्डर निघाली. निवडणूक शाखा. मतदार याद्या, धूळ, आणि पाच वर्षांत एकदा काम. कचेरीत सगळे यांना वेडे म्हणतायत. आज मी पुरणपोळ्या केल्या.

२१ मार्च

शेषेरावांना पुढच्या फोटोंचं विचारलं. “साहेब आता कुठं असतात?” सांगितलं. चहा आला नाही.

२६ मार्च

औसेकर खतवाले दुकानात नाहीत, असं औसेकर खतवाल्यांनीच सांगितलं.

२ एप्रिल, शनिवार

पंधरा दिवसांत एक काम नाही. पण रोज बाहेर पडते. गोडाऊन बघू द्या असंच म्हणते, आणि आता लोक दाखवतात! एकाने तर आतला दिवाही लावून दिला. काम देत नाही कुणी, ती गोष्ट वेगळी. एका लग्नाचं विचारायला आले होते. नाही म्हटलं.

११ एप्रिल, सोमवार

सकाळी वीरण्णा शेट दारात. हातात माझंच पाकीट. न बसताच म्हणाले, “ताई, साहेब पुरवठ्यातनं गेले, आता बोलतो. तुमचे फोटू बेकार हायत.” एकेक काढून ओट्यावर मांडले. “ह्यात नागूबाई दिसती. ऊन दिसतंय. धूळ दिसती. डाळ कुठंय? मला काय नागूबाई इकायची हाय? हैदराबादवाला हसला की मला!” मी भांडले. कडाडून भांडले. मग वाकून नीट बघितलं — डाळ खरंच कुठेच नव्हती. शेट म्हणाले, “दाना न् दाना मोजता आला पाहिजे. उद्या आठला या, परत काढा. न्हाई जमलं तर पुन्यांदा काढाया लावीन.”

मिळालं! पहिलं गिऱ्हाईक.