दसऱ्याची गाडी आणि निम्म्या दोषाचा ठराव

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
३० ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप अण्णांस, जावई चंद्रहास याचा सप्तांग नमस्कार (आठवे अंग प्लास्टरमध्ये आहे). आपला खोकला, सासूबाईंचे गुडघे आणि वाडीतल्या केळी ठीक असाव्यात.

सुहासिनी रविवारपासून आपल्याकडे आहे आणि फोनवर येत नाही, तेव्हा तिच्या हकिकतीत जे राहून गेले असेल ते कळवतो. दसऱ्याला आमची सेकंडहँड गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून बिल्डिंगसमोरच्या उतारावर पूजेला उभी केली. हँडब्रेक लागत नाही, म्हणून पुढच्या चाकाला नेहमीचा दगड होता (गाडीचा सर्वांत भरवशाचा भाग). आता नारळ फोडायला दगड लागतोच. सुहासिनी तो शोधायला निघाली होती, पण मुहूर्त टळत होता, आणि त्या घाईत चाकाखालचा दगड काढला गेला. मी वाकलेला, हातात नारळ, आणि समोरून गाडी. पाय चाकाखाली सापडला. नारळ आपोआप फुटला.

हवालदार आले. जखमी कोण? मी. गाडी कोणाची? माझी. चालक? मीच, पण त्या वेळी पादचारी. त्यांनी प्रसाद घेतला आणि वही मिटली. म्हणून रविवारी सोसायटीची मीटिंग भरली. सेक्रेटरी प्लासिड यांच्या मते दोष उतार ठेवणाऱ्या बिल्डरचा. तळमजल्यावरच्या लूर्डसबाई (गाडी त्यांच्या कुंड्यांवर थांबली) म्हणाल्या, "बिल्डरला कशाला बोलता? चावी ज्याच्या खिशात, दोष त्याचा." चार लोकांत माझी अब्रू जायची वेळ आली. तेव्हा मी एवढेच म्हणालो की "लवकर करा" अशी घाई सुहासिनीने केली, सबब निम्मा दोष तिचा. ठराव पास झाला. एवढ्यावरून तडकाफडकी बॅग भरायचे काय कारण होते, हे मला अजून उमगलेले नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. मी कुबडी सांभाळत रोज पिठले करतो आणि रोज ते करपते. तिला समजावून पाठवावे.

आपला,
चंद्रहास

ता. क. : दगड मी काढला. "अहो, तो चाकाचा आहे," असे ती म्हणालीही होती. मी म्हणालो, "मला शिकवू नकोस."

ता. क. २ : काखेत हात घालून मला बाजूला ओढले तेही तिनेच, नाहीतर दुसरा पायही गेला असता. मीटिंगमध्ये हे सांगायचे मी टाळले. त्याची फार लाज वाटते. तिच्याशिवाय घर खायला उठते.

ता. क. ३ : बाकी पत्र नाही वाचले तरी चालेल, पण वरचे दोन ता. क. मोठ्याने वाचावेत. ती स्वयंपाकघरात असेल तर आणखी मोठ्याने.