बेगमेचा पडदा

२ जून, केलीव्हिल
पोचलो एकदाचा परदेशात, लेकाकडे. राघवचं नवं घर ऐसपैस आहे. माझ्या गुडघ्यांमुळे मला खालची टीव्हीची खोली दिली. तिला दारच नाही. उघड्यावर झोप कशी लागायची, या काळजीने मी विचारलं, तर सूनबाई मिताली म्हणाली, नो वरीज बाबा. शेजारच्या इराणी फरीदेबाईंनी वृद्धाश्रमात जाताना दिलेला भरजरी पडदा तिने लावला. पाच वर्षांची नात श्रिया लगेच त्याच्या मागे लपली. फार हसलो.

५ जून
मिताली सांगत होती, पडदा इराणच्या शहाच्या लाडक्या बेगमेच्या जनानखान्यातला. वजीर बाहेर उभे राहायचे, ती आतून हुकूम सोडायची. शहासुद्धा तिच्या शब्दाबाहेर नसे. मूल मात्र नव्हतं, म्हणून सवतीचं मागून घेतलं. पुन्हा ते तिच्या खोलीबाहेर कुणाला दिसलं नाही. हे आधी का नाही सांगितलं?

९ जून
मितालीने आभार मानले. बॉसशी कसं बोलावं ते मी पडद्याआडून अगदी नेमकं सांगितलं म्हणे. मी तेव्हा झोपलो होतो. तरी हो म्हणालो. या वयात आपलं कोण ऐकतं?

१३ जून
राघवही आता कामावरून आला की पडद्याबाहेर मान खाली घालून उभा राहतो. काहीबाही विचारतो, मग हो, हो म्हणतो. मी आत. मला उत्तर ऐकू येत नाही. आज बाहेर जाऊन सांगितलं, पडदा काढ. म्हणाला, बाबा, सकाळी तुम्हीच बजावलंत ना, पडद्याला हात लावायचा नाही. फार विसरता हल्ली, डॉक्टरला दाखवू या.

१४ जून
मी श्रियाला मागून घेतलं म्हणे. उद्यापासून ती इथेच राहणार. मी नाही बोललो, देवाशपथ नाही. मिताली म्हणाली, सो स्वीट बाबा, आता लाजता कशाला? बाहुल्या भरतेय तिच्या.

१५ जून, दुपार
ओरडतोय. बाहेर जात नाही आवाज. पायही पडद्याबाहेर पडत नाहीत. राघव म्हणतोय, हो, पाठवतो.
म्हणून लिहितोय. पान फाडून खालून सरकवीन. राघवा, पोरीला पाठवू नको. आत मी एकटा नाही—
ती आली. विचारतेय, आजोबा, कॅन आय कम इन?
डाव्या हाताने पडदा दाबून धरलाय. सोडणार नाही. मेलो तरी—
हात आपोआप वर चाललाय. माझाच. पडद्यासकट व—