सत्काराला एक पान

९ जून २०२५
आज पुन्हा ब्लेड चालली! बँकेचे नवे मॅनेजर वाचनालयात आले. शाल, नारळ आणि जुन्या चित्रांच्या अल्बममधून कापलेलं जावा बेटाचं एक पान, फ्रेम करून!

पहिला अल्बम असाच संपवला. दुसऱ्याची मोजकीच पानं उरलीत. मी ओरडले तर अध्यक्ष भावसिंगराव हसून म्हणतात, "शिलाबाई, कपाटात कोण बघून राहिलं? लोकाच्या भिंतीवर तरी दिसल." वर सगळ्यांच्या टाळ्या. हलकट मेले!

१० जून
झोप नाही. वाचनालयाला देताना मोहियोद्दीनसाहेबांनी दोन्ही अल्बम माझ्या हातात दिले होते. त्यांच्या आजोबांनी आणलेले. डचांच्या राज्यातलं बेट, शिळाप्रेसवर दगडावरून छापलेली चित्रं — नारळीच्या बागा, धूर सोडणारा डोंगर, बांबूचा पूल. साहेब एवढंच म्हणाले, "हात धुऊन उघडा." मी आजवर धुते. आणि हे भज्याच्या हातानं पानं काढतात!

१७ जून
फ्रेमवाला मुन्ना चित्राच्या कडा कापतो. "बाई, कापल्याबिगर बसत न्हाई. माझ्याकडं एकच साइज." खाली छापलेली गावांची नावं त्याच्या केरात. झाडून घरी आणली. काय करू त्यांचं?

२ जुलै
धूर सोडणारा डोंगर एका पुढाऱ्याच्या मेहुण्याला. मेहुण्यानं केलं काय म्हणून?

२१ जुलै
बैठकीत भांडले. "साहेबांना काय तोंड दाखवू?" म्हटलं. भावसिंगराव म्हणाले, "तुमचं काय जाऊन राहिलं बाई? महिन्याचं मानधन भेटतं ना?" बाकीचे चहा पीत बसले. मी अल्बम माझ्या कपाटात घातला, कुलूप लावलं.

२३ जुलै
दुसरी चावी भावसिंगरावांकडं होतीच. मूर्ख मी!

१४ ऑगस्ट
उद्या झेंड्यानंतर सत्कार — मोहियोद्दीनसाहेबांचा! हैदराबादला लेकीकडं डोळ्यांचं ऑपरेशन करून आलेत. द्यायला काय? बांबूचा पूल. शेवटचं पान.

"भावसिंगराव, त्यांचंच पान त्यांनाच देता?"

"मग तर बराबरच झालं की. आठवण राहील!"

लाज कशी वाटत नाही या माणसाला? उद्या माइक हातात घेऊन सगळं सांगणार. काम गेलं तर गेलं. दोन्ही अल्बमचे रिकामे पुठ्ठे पिशवीत भरून ठेवलेत, तेच दाखवीन.

१५ ऑगस्ट
साहेबांनी फ्रेम डोळ्यांपाशी नेली. काच चाचपली. मी पिशवी घेऊन उठले, तेवढ्यात साहेब माझा हात धरून हळूच म्हणाले, "शिलाबाई, क्या बात है! हुबेहूब नक्कल काढली तुमी. अस्सल मात्र सांभाळा हां."

पिशवी मागं सरकवत मी म्हटलं, "व्हय साहेब."