वेल्सचं स्थळ

२९ जून, रविवार

गार्गीने लग्नाची तारीख ठरवली. मला विचारून नाही, ठरवून मग सांगितलं. तेरा सप्टेंबर, ओवेनच्या गावी, वेल्समध्ये. कालनिर्णय समोरच टांगलेलं होतं. पाहिलं तर ऐन पितृपक्ष!

मी म्हटलं, "अगं, त्या पंधरवड्यात माणसं साधा रुमाल विकत घेत नाहीत, आणि तू लग्न करतेस?" तर म्हणते, "इट्स जस्ट अ सॅटरडे लाह, आई." कार्डिफच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होऊन दोन वर्षं झाली, तरी तोंडातलं सिंगापूरचं ‘लाह’ काही गेलं नाही. पितर तेवढे गेले!

मग मी बोलले. "मी येणार नाही. बाबांना घेऊन काय करायचं ते करा." तिचा बाबा निशिकांत फोनच्या मागून हातवारे करत होता, पण तोवर बोलून झालं होतं. ती शांतपणे म्हणाली, "ओके. तसं सांगते त्यांना."

रागात माणूस बोलतो. पण माझा मुद्दा खोटा आहे का? एकुलती एक मुलगी ज्या घरात जाणार, त्या घरचं मला काय माहीत आहे? मुलगा दोनदा व्हिडिओवर पाहिला. कान लाल आणि वाक्यं अर्धवट. आईवडील म्हणे नदीकाठी गेस्टहाऊस चालवतात, मासे धरायला येणाऱ्यांसाठी. आणि ‘खूप स्वीट’ आहेत. स्वीट! बँकेत असा शेरा लिहून कोणी फाईल पाठवली तर मी त्याच पावली परत करते.

चौकशी मी करणार. रीतसर.


३० जून

चौकशी करायची कोणाकडे? पुण्याचं स्थळ असतं तर एका दुपारीत कोणीतरी कोणाचातरी मावसभाऊ निघाला असता. वेल्समध्ये माझं कोण बसलंय! हाताशी आहे ती त्यांची वेबसाइट.

हरकत नाही. इथे सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या बँकेत वीस वर्षं मी हेच करते आहे. खातं उघडायला आलेली कंपनी खरी की नुसता देखावा, ते तिच्या वेबसाइटवरून ओळखायचं. भल्याभल्यांचे मुखवटे उतरवलेत. हे तर चार खोल्यांचं गेस्टहाऊस.

चोआ चू कांगहून मेट्रोत चढल्याबरोबर आज बसायला जागा मिळाली. पर्समधून चष्मा काढला आणि सुरुवात केली.

नाव ‘ग्लान हेलिग’. ग्लान! राहत्या घराला कोणी असं मरगळलेलं नाव ठेवतं? (निशिकांतने नंतर शोधून सांगितलं, त्यांच्या भाषेत ग्लान म्हणजे काठ. वाळुंजांचा काठ. असेल बापडा.)

पहिलाच फोटो — कमरेएवढ्या पाण्यात उभा दाढीवाला माणूस, हातात मासा. माशाचा रंग पार उडालेला. फोटो जुना की मासा, तेवढं कळेना. आमच्या मार्केटमधल्या अंकलने असा मासा माझ्यापुढे धरून दाखवावा, मग बघते त्याच्याकडे.

खोल्या स्वच्छ. उशा फुगीर. पण तिसऱ्या खोलीच्या फोटोत खिडकीच्या वर ओल आहे. फोटो मोठा करून पाहिला. आहेच!

‘आमची ड्रॉइंग रूम पाहुण्यांना विशेष आवडते’ असं वाचलं आणि जरा बरं वाटलं, चला, दिवाणखाना तरी आहे. नीट वाचलं तर ड्रॉइंग नाही, ड्राइंग! ओले बूट, ओल्या विजारी वाळत घालायची खोली. ज्या घराला वाळवणाला वेगळी खोली लागते, तिथे माझी मुलगी राहणार?

‘ताज्या बातम्या’ या पानावर एकच बातमी आहे. कुत्री व्याली. तीही २०१९ साली.


१ जुलै

निशिकांत म्हणतो, "वेबसाइटला मराठीत काय म्हणतात? संकेतस्थळ. म्हणजे तू शब्दशः स्थळच बघते आहेस." आणि स्वतःच खो खो हसला. त्याला ही सगळी गंमत वाटते.


३ जुलै

आज ‘मासेमारीचे नियम’ हे पान वाचलं. माशी लावून मासा धरतात — खोटी, पिसांची. इथवर ठीक. धरला की फोटो काढतात. आणि मग? सोडून देतात!

मी दोनदा वाचलं. धरलेला मासा परत नदीत! आम्ही कायस्थ. आमच्याकडे हातात आलेला मासा ताटातच जातो, त्याला मध्ये दुसरी वाट नाही. आणि माझी पोरगी अशा घरी पडणार जिथे माशाला नुसता भेटून निरोप देतात.

नोव्हेनाला राहणाऱ्या मैत्रिणीचा, मेधाचा फोन आला होता. तिच्या मुलाचं लग्न जमवताना तिने बरंच पाहिलंय. म्हणाली, "मीनल, वेबसाइटवर सगळे हसतातच. त्रास देऊन बघ. माणूस त्रासात कळतो."

बरोबर बोलली.


५ जुलै, शनिवार

चौकशीची मेल पाठवली. गार्गीची आई म्हणून नव्हे, पाहुणी म्हणून. नाव घातलं मिसेस दिघे, म्हणजे माझं माहेरचं. गाव ठाणे. सिंगापूर लिहिलं असतं तर लगेच ओळखलं असतं. नवा ईमेल पत्ता काढला. सगळं चोख केलं.

सप्टेंबरमध्ये यायचा विचार आहे म्हटलं, आणि मेधाच्या सल्ल्याप्रमाणे छळलं. गरम पाणी दिवसभर असतं का? तिसऱ्या खोलीत ओल का? जवळचा डॉक्टर किती लांब? घरात भांडणं होतात का — हे जरा फिरवून, ‘वातावरण शांत असतं का’ असं विचारलं. मासे खाणाऱ्याला तिथे मासे मिळतात की नुसते दाखवतात?


७ जुलै

उत्तर आलं. एलेरी नावाच्या बाईचं. म्हणजे विहीणबाईंचं!

लिहिते, गरम पाणी असतं, पण दोघांनी एकदम अंघोळ केली तर दुसऱ्याला थंड मिळतं. ओल खरी आहे. तीन वेळा रंग दिला, ती तीन वेळा परत आली. डॉक्टर वीस मैलांवर, पण शेजारी गुरांचा डॉक्टर आहे आणि रविवारी तो माणसांचंही बघतो. वातावरण शांत असतं, फक्त रग्बीची मॅच असली की नवऱ्याला बाहेर काढावं लागतं. ‘आणि मासा तुम्हाला मी बाजारातून आणून खाऊ घालीन. नदीतला आमचा नाही, पाहुणा आहे.’

खोटं एकही नाही. ओलसुद्धा कबूल! माझ्या नोकरीत असा ग्राहक अजून भेटलेला नाही.

पण एका मेलवरून मत बनवायचं नाही.


१३ जुलै

चार मेल झाल्या. विचारायचं ते सगळं विचारलं. सकाळी न्याहारीला काय, पांघरूण लोकरीचं की कसलं, पावसात माणसं काय करतात. कंटाळत नाही बाई. वेबसाइट जुनी का, हेही विचारलं. ती धाकट्या दिराने केली होती, तो कॅनडाला गेला आणि पासवर्ड घेऊन गेला म्हणे. मला ऑफिसात हसू आवरेना. शेजारच्याने वळून पाहिलं.

गार्गीचे फोन निशिकांतला येतात. मी स्वयंपाकघरात असते. ती विचारत नाही, मी जात नाही.


२० जुलै

आज कमाल झाली. एलेरी लिहिते:

‘मिसेस दिघे, तुम्ही भारतीय आहात म्हणून विचारू का? आमच्या मुलाचं एका भारतीय मुलीशी लग्न ठरलंय. मुलगी हुशार आहे, आमच्या कुत्रीलाही तिचंच ऐकायला आवडतं. पण तिच्या आईची मला भीती वाटते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. सध्या रागावल्यात, लग्नाला येणार नाहीत म्हणतात. पण समजा आल्याच, तर मी काय करू? काय घालू? वाकून नमस्कार करायचा असतो का?’

मी बाथरूममध्ये जाऊन बसले. भीती! माझी!

मग उत्तर लिहिलं. लिहिलं की बाई मनाने वाईट नसणार, फक्त त्यांना आधी विचारलेलं आवडत असेल. नमस्कार करू नका, तुम्ही मुलाकडच्या, उलट त्यांनीच तुमचा मान ठेवायचा. चहा उकळून, दूध घालून द्या. आणि मुलीचं कौतुक त्यांच्यासमोर करा. खोटं नको, एखादी बारीकशी खरी गोष्ट सांगा.

हे सगळं मीच माझ्याबद्दल लिहिलं. लाज वाटली, पण पाठवलं.


२१ जुलै

तिने लगेच सराव केला. ‘गार्गी इथे आली की माझ्या नवऱ्याचा, डेव्हिडचा दुखरा खांदा न सांगता चोळून देते आणि तोवर त्याला बोलू देत नाही. हे चालेलसं कौतुक आहे का?’

माझ्या वडिलांचा खांदा ती असाच चोळायची. दहावीत होती तेव्हा.

आज दिवसभर काम सुचलं नाही.


२६ जुलै

श्रावण लागला. घरात मासे बंद, आणि मी वेबसाइटवर मासे बघत बसलेय!

आज एलेरीने तारखेचं काढलं. ‘तिची आई तारखेमुळे रागावली म्हणे. तुमच्यात तो गेलेल्या माणसांचा पंधरवडा असतो का? तारीख माझ्या हट्टामुळे ठरली. तेरा सप्टेंबरला माझ्या आईवडिलांचं लग्न झालं होतं, याच गावच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये. दोघंही आता नाहीत. गार्गी माझ्यासाठी हो म्हणाली, घरी भांडण होईल हे माहीत असून. खरं सांगा, आम्ही तारीख बदलायला हवी का?’

म्हणजे दोष हिचा होता, आणि गार्गीने मला एका शब्दाने सांगितलं नाही. सगळं स्वतःवर घेतलं. मुलगी कोणाची आहे!

‘बदला.’ एवढंच लिहायचं. काम फत्ते. माझ्याच मनासारखं होईल आणि कोणाला कळणारही नाही.


२८ जुलै

लिहिलं नाही अजून. निशिकांतला दाखवलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "तुझं तू ठरव." मला असं सांगितलेलं मुळीच आवडत नाही.


२९ जुलै

लिहिलं. ‘तारीख बदलू नका. त्या पंधरवड्यात आम्ही आपल्या गेलेल्या माणसांना जेवायला बोलावतो. तुम्हीही तेच करताय. फक्त तांदळाची खीर करा, आणि पंगत बसण्याआधी एक वाटी बाहेर कावळ्याला ठेवा. कावळे आहेत ना?’

तासाभरात उत्तर. ‘कावळे? वाट्या कमी पडतील!’


३ ऑगस्ट, रविवार

ठरलं. मी जाणार. दोघांची तिकिटं काढली, रजा टाकली. मेधा म्हणते, आधी फोन कर पोरीला. नाही करणार. पाच आठवडे तिने मला फोन केला नाही, मी का करू? मी आई आहे. मी नुसती जाणार आणि दारात उभी राहणार. मग बघू ती काय करते.

मिसेस दिघेंसाठी एलेरीने लग्नाच्याच आठवड्यात वाळवणाच्या खोलीवरची खोली राखून ठेवलीय. तिथे ओल नाही म्हणे.


१० ऑगस्ट

पैठणी लिटल इंडियात पिको-फॉलला दिली. विहीणबाईंसाठीही एक पाहिली, मोरपंखी. ब्लाउजचं माप मागायचं कसं? पाहुणीने मापं मागायची म्हणजे कठीणच. शाल घेतली मग.


१७ ऑगस्ट

फोन हातात घेतला होता. नंबर लावला आणि कापला. ‘मी येतेय’ म्हणायला इतकं जड का जावं! निशिकांत म्हणाला, "तुमच्या दोघींचं नाक एकाच साच्यातलं." त्याला म्हटलं, गप्प बस आणि सूट देऊन ये लाँड्रीत.


२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक चांगले झाले, कळ्या मात्र वाकड्या. कळ्या गार्गी करायची. आरतीच्या वेळी निशिकांतने तिला व्हिडिओवर घेतलं. मी समई सारखी करत राहिले, तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा टाळ्या वाजवल्याचा आवाज येत होता.

फार आठवण येते तिची. लिहून टाकलं एकदाचं.


३० ऑगस्ट

एलेरीची मेल.

‘मिसेस दिघे, एक मागणं आहे. चॅपेलमध्ये पहिल्या बाकावर मुलीच्या आईची जागा असते. ती रिकामी बघवणार नाही मला. तुम्ही तिथे बसाल का? तुमच्याबद्दल गार्गीला मी आजच सांगितलं. तिने नाव विचारलं. ठाण्याच्या मिसेस दिघे म्हटल्यावर ती जिन्यातच बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. मग तिने एक शब्द माझ्याकडून पाठ करून घेतला आणि तुम्हाला तसाच लिहायला सांगितला — चालेल.’

दिघे! तिच्या मामाचं आडनाव! वीस वर्षं लोकांची खोटी नावं पकडतेय मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही!

निशिकांत पोट धरून हसतोय, आणि मला रडू आवरत नाहीये.