सगळी बरोबर

४ नोव्हेंबर
नवी नोकरी, नवं घर, आणि आमची स्वारी खुशीत. आजवर छापखान्याची मुद्रितं तपासली, आता यंत्राची तपासायची. आमचं यंत्र दिवसभर इंटरनेटवरची पानं वाचतं आणि त्यातून जे कळेल ते एकेका वाक्यात मांडतं. 'लोखंड गंजतं.' 'वटवाघूळ पक्षी आहे.' आपण 'बरोबर' किंवा 'चूक' दाबायचं. बरोबर ठरलेलं त्याच्या लेखी कायमचं खरं. साहेब म्हणाले, लेकराला शिकवतो तसं शिकवा. मला टेबल सात मिळालं. घरमालकाला एकच भाडेकरू हवा होता, म्हणून त्याच्या संकेतस्थळावरच्या अर्जात 'एकटी राहते' असं ठोकून दिलं. ताई पोट धरधरून हसली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि आता मीच तिला लपवायचं.

९ नोव्हेंबर
रोज आठशे वाक्यं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी युक्ती सांगितली: जेवायच्या सुट्टीआधी उरलेली वाक्यं न वाचता 'सगळी बरोबर' दाबायची. सगळेच तसं करतात. मीही दाबलं. दाबल्यावर एक वाक्य नजरेला पडलं, 'टेबल सातची बाई एकटी राहते.' लबाडाने अर्ज वाचला वाटतं. घरी आल्यावर ताईला सांगितलं. ती हसली नाही.

१२ नोव्हेंबर
ताई म्हणाली, किराणावाल्याने तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारलं, तिच्याकडे पाहिलंच नाही. दवाखान्यात तिचा केसपेपर सापडेना. मी म्हटलं, नवीन गावात होतं असं. माझं मलाच ते पटलं नाही.

१४ नोव्हेंबर
घरमालक न सांगता आले. ताई समोरच खुर्चीत भाजी निवडत बसलेली. वाटलं, आता चोरी उघडी पडली. ते त्याच खुर्चीत बसायला गेले, ताई कशीबशी बाजूला झाली. एकटीला घर मोठं होतं का, असं विचारून गेले. ताई संध्याकाळभर रडत होती.

१५ नोव्हेंबर
वाक्य काढून टाका म्हणून साहेबांच्या पाया पडले. म्हणाले, बरोबर ठरलेलं काढता येत नाही. त्याच्या उलट काही वाचनात आलं तर यंत्र आपणहून फेरविचार करेल. मग इंटरनेटवर दिसेल त्या पानावर लिहीत सुटले. मला बहीण आहे. माझ्याबरोबर राहते.

१६ नोव्हेंबर
साहेब म्हणाले, यंत्राने वाचलं. मलाच खोटं ठरवलं. बाई एकटी राहते हे पक्कं, मग बहीण कुठली —
ताईचा आवाज आता मलाही येत नाही. नुसते ओठ हलतात. मला फार भीती वाटते आहे.

१७ नोव्हेंबर, ऑफिसात
शेजारच्यांच्या पडद्यावर, खालून तिसरं — 'टेबल सातच्या बाईला बहीण कधीच नव्हती.' हात धरला त्यांचा. म्हणाले, अहो, जेवायची वेळ झाली, कोण वाचत बसतंय. दाबलं —

लिहून ठेवते, आहे तोवर. ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. इस्त्रीचा डाग, डाव्या — उजव्या हातावर. माझ्या वेण्या तीच — कोणीतरी घालायचं. मला लाडाने हाक मारते ती — दोन अक्षरी नाव आहे, ती म्हणते —