तुटलेल्या बोटाची खबर

१२ मार्च २००६, मरीन परेड, सिंगापूर

बापटचा फोन. किती वर्षांनी! बँकेच्या टीममध्ये तो पहिल्या स्लिपला, मी विकेटकीपर. सध्या मुलाकडे आलाय, बुकित तिमाहला. "दामल्या, भेटायचं की नाही?" आवाजात नको तेवढी साखर. नंबर कुणी दिला विचारलं तर नुसता हसला. काहीतरी काम असणार.

१४ मार्च

सगळं परत वर आलं. ७९ साल. सेमीफायनलच्या आधी नेट्समध्ये उजवी अनामिका मोडली. बोललो असतो तर बाहेर बसलो असतो. फक्त बापटला माहीत. सकाळी तोच दोन बोटं एकत्र पट्टीने बांधायचा, वर ग्लव्हज. तसल्या बोटानं चार कॅच घेतले! फायनलच्या यादीत नाव नाही. टीमचे मॅनेजर म्हणाले, "बोट सांभाळा, दामले." यांना कसं कळलं? बा.शिवाय होतं कोण?

पुन्हा टीममध्ये घेतलं नाही ते नाहीच. रिटायर होईपर्यंत काउंटर.

१५ मार्च

सु. म्हणाली, "अहो, जाऊन या की. किती वर्षं मनात धरून बसणार?" बायकोला बा.चा एवढा पुळका का? नातही तिच्याच बाजूची. "गो लाह, आजोबा. यू ऑल्वेज सो अँग्री."

१८ मार्च, शनि.

दोन बस बदलून गेलो. बा. सुटलाय, गुडघे गेलेत. काम निघालंच: बँकेच्या क्रिकेट क्लबच्या स्मरणिकेला माझा लेख हवा. मी सरळ विचारलं, मॅनेजरला तूच सांगितलंस ना?

"आईशप्पथ, मी नाही."

"मग कोण?"

"जाऊ दे रे. तुझ्या भल्यासाठीच केलं तिनं."

तिनं? जीभ चावली त्यानं. सोडला नाही. शेवटी म्हणाला, वहिनी ऑफिसात आल्या होत्या, डबा द्यायच्या निमित्ताने. मॅनेजरच्या केबिनमध्ये रडल्या. हात कायमचा जाईल म्हणाल्या.

साफ खोटं. सु.ला मी नखुरडं झालंय म्हणून सांगितलं होतं. स्वतःवरचं झटकायला दुसऱ्याच्या बायकोचं नाव पुढे करतो, मेला.

पण तेव्हा पंधरा दिवस घरी चमच्याने जेवत होतो. नखुरड्याला पंधरा दिवस?

१९ मार्च

सु. पोळ्या लाटत होती. "काय म्हणाले बापट?"

"काही नाही. लेख मागतोय."

"बरं." एवढंच. एरवी कुणाला भेटून आलो की शब्दन् शब्द काढून घेते.

सत्तावीस वर्षं बा.ला शिव्या घातल्या. बहुतेक वेळा जेवताना, तिच्यासमोर. एकदाही मध्ये बोलली नाही. वाढत राहिली. मला वाटायचं, माझ्या बाजूची आहे म्हणून गप्प.

विचारलं तर खरं सांगेल, तेवढं मी तिला ओळखतो. तोंडापर्यंत आलं होतं. तिनं गरम पोळी पानात टाकली, वर तूप. जेवलो. विचारलं नाही.