चालायला निघाले, माहेरी नव्हे

तीर्थस्वरूप केशोरावभाऊंना धाकट्या प्रेमिलाचा नमस्कार.

तिरोड्याला सगळे खुशाल असाल, वहिनींचा दमा या थंडीत उसळला नसेल, अशी आशा करते. इकडे धान चुरून झालं, पोती घरात आली. मी सुखरूप आहे आणि नवऱ्याच्याच घरी आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण मी घर सोडल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली आणि तुम्ही रविवारी जाब विचारायला येणार, असं कानावर आलं. (फोन केला असता, पण मी फोन उचलला की तुमचे जावई जवळ येऊन बसतात.)

झालं असं. माझ्या डाव्या पायाच्या निळ्या शिरा तुम्ही पाहिल्याच आहेत. वर्षानुवर्षं रोवणीच्या चिखलात उभं राहून त्या वेलासारख्या फुगल्या होत्या. यंदा घोट्याजवळची कातडी काळी पडली, तेव्हा घाबरून हे मला गोंदियाला घेऊन गेले. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. म्हणाले, शिरेच्या झडपा बिघडल्या, रक्त वर चढायचं ते खाली उतरतं. पाय कापायचं काम नाही, सुईच्या भोकातून बारीक तार घालून लेझरनं शीर बंद करू. पाय बधिर करायच्या सुया टोचल्या तेव्हा मला सगळे देव आठवले, पुढं काही कळलं नाही. बाहेर बाकावर यांनाच घाम फुटला, आणि सिस्टरनं यांना पंख्याखाली निजवलं. संध्याकाळी मी माझ्या पायांनी बाहेर आले, हे माझ्या खांद्याला धरून.

डॉक्टरांनी मांडीपर्यंतचा घट्ट मोजा दिला (तो चढवताना वासराला दावं बांधावं तशी झटापट होते) आणि सांगितलं, रोज अर्धा तास चाला. आता भाऊ, गावात बाई कामाशिवाय चालते कुठं? मी पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि सालेकशाच्या स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागले. शेजारच्या सुशिलाबाई ओट्यावरून ओरडल्या, "कुठं जाऊन राहिली वो?" मी म्हटलं, "कुठंच नाही." इथंच घात झाला. हातात पिशवी, तोंड स्टेशनकडे आणि म्हणे कुठंच नाही!

नाल्याच्या पुलावर भैय्यालालमामांनी स्कूटर आडवी घातली. गावातल्या भांडणांचा निवाडा तेच करतात.

"बस मागं. असं घर सोडून नाही जात."

"मामाजी, डॉक्टरनं सांगितलं चालायले."

"डॉक्टर काऊन सांगंल नवऱ्याले सोडून जायले?"

घरी आणलं तर अंगणात निम्मं गाव. मामांनी यांना असं झापलं, की मी तोंड उघडायच्या आत यांनीच हात जोडले. म्हणाले, "चुकलं माझं. हिच्या भावाले मी कंजूस म्हणलो, तेच लागलं असंल मनाले." (हे मला ठाऊकच नव्हतं, भाऊ. तुम्हाला होतं का?) मी मोजा दाखवला, सुईची खूण दाखवली, पण लोकांना समेट बघायचा होता. शेवटी सगळ्यांना चहा करून पाजावा लागला.

पाय आता हलका वाटतो, ठणका गेला. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
प्रेमिला

ता. क. – गैरसमज मिटला म्हणून रविवारचं येणं रद्द करू नका. या, आणि चेहरा रागीट ठेवा. त्या दिवसापासून सकाळचा चहा हे करतात, विहिरीचं पाणी हे आणतात, आणि चालायला सोबत येतात.

पुन्हा ता. क. – घरकाम दुसऱ्याच दिवसापासून करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते.